चीनमधील पर्यटनस्थळी स्थानिक लोक परदेशी माणसांशी कसे वागतात?

भटक्या_७१: बीजिंग, शीआन आणि गुइलिन असा प्रवास करण्याचा विचार आहे, परंतु वाचलेल्या अनुभवांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. कोणाभोवती फोटोसाठी गर्दी जमते, कोणाला हॉटेलच्या दारातून परत पाठवले जाते, तर कोणाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. हा गावागावाचा स्वभाव म्हणायचा, की कारण काही निराळेच आहे?

पायवाट: माझ्या मते, समोरचा माणूस स्थानिक आहे असे आपण गृहीत धरतो, तिथेच गफलत होते. तिआनआनमेन चौकात माझ्यासोबत फोटो काढण्यासाठी आजीने ज्या नातवाला पुढे ढकलले, ते कुटुंब दूरच्या प्रांतातून राजधानी पाहायला आलेले होते, म्हणजे माझ्याइतकेच पर्यटक! बीजिंगकरांना, निदान 2008 च्या ऑलिंपिकनंतर तरी, परदेशी चेहऱ्याचे अप्रूप उरलेले नाही. मात्र तिथल्या वांगफुजिंग या बाजारपेठेच्या परिसरात कोणी इंग्रजीच्या सरावाचे निमित्त काढून चहाला नेऊ लागले, तर नम्रपणे नकार द्यावा. तो सापळा असतो, तो चहा फार महाग पडतो.

नदीकाठ: गुइलिनजवळच्या यांगशुओबद्दल लिहितो. तिथल्या वेस्ट स्ट्रीटवर 1980 च्या दशकापासून परदेशी मुशाफिरांचा राबता असल्यामुळे विक्रेत्यांचे हसू, त्यांचे मोडकेतोडके इंग्रजी आणि त्यांनी सांगितलेला पहिला भाव हे सारे धंद्याचाच भाग असते, आणि त्यात वावगे काही नाही. पुढे शिंगपिंगला ली नदीच्या काठी, 20 युआनच्या नोटेमागे छापलेले डोंगर जिथून दिसतात तिथे, पाणकावळे घेऊन बसलेला म्हातारा कोळी फोटोचे पैसे आधी मागतो. त्याच गावात दोन गल्ल्या आत शिरलो, तेव्हा दारात शेंगा सोलत बसलेल्या बाईंनी मला पाहिले, ‘लाओवाय’ असे पुटपुटून बसायला स्टूल सरकवले आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या. लाओवाय म्हणजे परदेशी. या शब्दात बहुधा कुतूहलच असते, हिणवणे क्वचित.

भटक्या_७१: मग हॉटेलवाल्यांच्या नकाराचे काय?

पायवाट: त्यात राग-लोभ फारसा नसतो. परदेशी पाहुण्याची नोंद 24 तासांच्या आत पोलिसांकडे करावी लागते आणि लहान हॉटेलांतील कर्मचाऱ्यांना ती यंत्रणा हाताळता येत नसल्याने ‘खोली नाही’ असे सांगून ते मोकळे होतात. परदेशी म्हणून कोणाला नाकारू नये, असे सरकारने 2024 मध्ये बजावले आहे. तरीही आरक्षणापूर्वी हॉटेलला विचारून घेतलेले बरे.

जुना_प्रवासी: एक पुरवणी. ‘यिंदू’, म्हणजे भारत, असे सांगितल्यावर तरुण मंडळी सिनेमाविषयी विचारतात. पण हपै प्रांतात, विशेषतः शिजियाझ्वांगला, जिथे जपानविरुद्धच्या युद्धात चिनी सैनिकांवर उपचार करणारे भारतीय डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचा पुतळा आहे, वयस्कर माणसांसमोर ‘के दिहुआ’ हे त्यांचे चिनी नाव घेऊन पाहा. मी घेतले, तेव्हा बागेतल्या एका आजोबांनी पत्त्यांचा डाव अर्धा टाकला आणि माझा हात धरून मला बाकावर बसवले.