कोची: शुक्रवार ते रविवार, फोर्ट कोची आणि मट्टनचेरी कसं बसवावं?

प्रश्न:
शुक्रवारी सकाळी एर्नाकुलमला पोहोचतोय, रविवारी रात्री परतीची गाडी. मुक्काम फोर्ट कोचीत. सोबत आई आहे, तिला फार चालवत नाही. राजवाडा, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), मासेमारीची चिनी जाळी, जुना बाजार पाहायचाय. क्रम कसा लावू?

प्रतिसाद १:
आधी वार बघा. मट्टनचेरी राजवाडा शुक्रवारी बंद. ‘परदेशी सिनेगॉग’ हे इथल्या सिनेगॉगचं नाव, ते शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही दिवस बंद. शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीचा दिवस. म्हणून दोन्ही रविवारी सकाळी उरका. सिनेगॉगला १० च्या सुमारास पोहोचा, दुपारी ते मध्ये बंद असतं. खांदे-गुडघे झाकलेले कपडे हवेत, चपला बाहेर. वास्तू १५६८ची, आतल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा हाताने रंगवलेल्या आहेत, खाली बघत चाला. राजवाडा तिथून अगदी जवळ. पोर्तुगीजांनी बांधून राजाला दिला, पुढे डचांनी दुरुस्त केला, म्हणून नाव डच पॅलेस. रामायणाची भित्तिचित्रं राजाच्या शयनगृहात आहेत. निम्मा वेळ तिथेच द्या.

प्रतिसाद २:
शुक्रवारी फोर्ट कोची. एर्नाकुलम जेट्टीवरून सरकारी बोटीने जा, साधारण २० मिनिटं. रस्त्याने पुलांवरून वळसा पडतो. सेंट फ्रान्सिस चर्च त्याच दिवशी बघा, कारण रविवारी सकाळी प्रार्थना असते. वास्को द गामाला १५२४ मध्ये इथे पुरलं. अवशेष नंतर पोर्तुगालला नेले, आता फक्त थडग्याची जागा दिसते.
चिनी जाळी संध्याकाळी बघा. दोरांना टांगलेले दगड जाळ्याचा भार तोलतात, म्हणून एवढं मोठं धूड चार-सहा माणसं उचलतात. पावसाळ्यात जलपर्णी अडकते आणि काम थांबतं. शेजारी मासळी घेऊन तळून मिळते, पण मासळीचा भाव आणि तळणावळ दोन्ही आधीच ठरवा.

प्रतिसाद ३:
शनिवारी बाजार रोड. मिरी-सुंठीच्या वखारी रविवारी बहुतेक बंद असतात, त्यामुळे हाच दिवस. तिथून चेरलाईला अवश्य जा. पोर्तुगीज छळामुळे गोव्यातून आलेल्या गौड सारस्वतांची ही वस्ती, कोकणी कानावर पडेल. तिथल्या तिरुमल देवस्वम या देवळात पुरुषांना सदरा काढावा लागतो. दुपारी देऊळ बंद, म्हणून सकाळीच जा. इथल्याच रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या वैद्यांचं नागरी लिपीतलं कोकणी प्रमाणपत्र १६७८ मध्ये ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या लॅटिन ग्रंथात छापलं गेलं.
फोर्ट कोची ते मट्टनचेरी दोन-अडीच किलोमीटर, आईंसाठी रिक्षाच करा. भाडं फारच कमी सांगितलं तर रिक्षावाले वाटेत हस्तकलेच्या दुकानांत थांबवतात, कारण त्यांना तिथे कमिशन मिळतं. ‘दुकान नको’ हे बसण्यापूर्वीच सांगा.