पश्चात्ताप, पस्तावा आणि ‘मेटानोइया’

प्रश्न: राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला राख लावताना फादर म्हणतात, ‘पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा.’ ‘पश्चात्ताप’ ऐकलं की जुनी चूक आठवून जीव जळणं, एवढंच माझ्या मनात येतं. मूळ शब्दाचा अर्थ तेवढाच आहे का?

प्रतिसाद: नाही. बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’. त्यातला ‘नूस’ म्हणजे चित्त, आतली पाहणारी नजर. ती पालटणं म्हणजे मेटानोइया. आपला शब्द मात्र पश्चात् + ताप, म्हणजे झाल्यावर मागाहून पोळणं.

नुसत्या पस्तावण्याला ग्रीकमध्ये वेगळं क्रियापद आहे. येशूला धरून देणारा यहूदा त्यासाठी घेतलेले तीस रुपये परत आणतो तिथे (मत्तय २७:३) तेच येतं, आणि मराठीत ‘पस्तावला’. आता ‘पस्तावा’ हा ‘पश्चात्ताप’च झिजून झालेला शब्द! ग्रीकमध्ये दोन निराळे शब्द, आपल्याकडे एकाचीच दोन रूपं. फरक तिथेच पुसला गेला. यहूदाला चूक कळली होती, पैसेही त्याने ठेवले नाहीत. तरी शेवट गळफासाने झाला.

प्रश्न: मग ‘अनुताप’ कसा वाटतो? संतांचा शब्द आहे.

प्रतिसाद: सुंदर आहे, पण तोही तापच. मला लूकच्या १५व्या अध्यायातल्या येशूच्या दाखल्यातला, घर सोडून गेलेला धाकटा मुलगा आठवतो. परमुलखात डुकरं चारतोय, त्यांच्या शेंगांनी तरी पोट भरावं असं वाटतंय, आणि तो ‘शुद्धीवर येतो’. ग्रीकमध्ये शब्दशः ‘स्वतःत येतो’. पाय घराकडे वळतात ते नंतर. आपलं ‘भानावर येणं’ अगदी हेच.

रोमकरांस पत्रात (१२:२) ‘मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या’ असं आहे. तिथलं ‘मन’ म्हणजे तोच नूस, आणि डोंगरावर येशूचं रूप पालटलं तिथलं क्रियापदही (मार्क ९:२) हेच. ‘करा’ नाही, ‘होऊ द्या’. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांतले साधक चित्त हृदयात उतरवण्याविषयी बोलतात ते यासाठीच, असं मी समजतो. लॅटिनमध्ये मात्र मेटानोइयासाठी ‘पेनितेंतिआ’ आलं आणि प्रायश्चित्ताकडे झुकलं.

प्रश्न: मग मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कोणता शब्द हवा?

प्रतिसाद: राखेच्या बुधवारचंच पहिलं वाचन नीट ऐका, योएल संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, २:१२. ‘माझ्याकडे वळा.’ हिब्रू ‘शूव’, म्हणजे वळणं, परतणं. मला तोच शब्द हवासा वाटतो.