किमेत्सु नो यायबा (डीमन स्लेयर): राक्षसांचा राजा मुझानची शेवटची फाईट, मान उडवूनही मरत नाही तर मग प्लॅन काय होता? (स्पॉयलर आहेत)

प्रश्न: मांगा (जपानी कॉमिक) काल रात्री संपवला, २०५ चॅप्टर. मुझानला ७ हृदयं आणि ५ मेंदू, हाशिरा (राक्षस मारणारे सगळ्यात तगडे तलवारबाज) पटापट पडतायत, मग हे सगळे नक्की कशासाठी लढत होते? मला तर पहिल्यांदा काही झेपलंच नाही.

उत्तर १: अरे तलवारीने मारायचं नव्हतंच, पहाटेपर्यंत थोपवायचं होतं, ऊन लागलं की राक्षस मरतात ना. म्हणून तर कावळे सूर्योदयाला किती वेळ उरलाय ते ओरडून सांगत असतात.

उत्तर २: खरी बाजी तामायोने (मुझानच्या विरोधात गेलेली राक्षसीण डॉक्टर) मारली बरं का. तिचं औषध त्याला मिनिटाला ५० वर्षं म्हातारं करत होतं, टोटल ९००० वर्षं! वर शरीराचे तुकडे करून पळायची सोयही बंद. तलवारीवाले भाव खातात, पण लढाई अर्धी तिथेच जिंकली होती.

उत्तर ३: आणि ऊन लागल्यावर तो अवाढव्य बाळ होतो ते पान! मांसाची ढाल करून जमिनीत घुसायला बघतो, ग्योमेई (एक हाशिरा) साखळी ओढून धरतो. मी आधी हसलो, मग जाम टरकलो.

प्रश्नकर्ता: ओके, आता पेटली ट्यूब. पण नंतर हिरो तांजिरोला राक्षस बनवायची काय गरज होती राव 😭