मुंबई रात्री दाखवायची तर निघायचं कधी?

विषय: मुंबईत रात्रीची खासगी टूर, घ्यावी का?
प्रेषक: सोलापूरकर

मंडळी, नमस्कार.

डिसेंबरात लेक-जावयाला घेऊन भारतात जातेय. जावई इथलाच, मेलबर्नचा. त्याची पहिलीच खेप. लग्नकार्य सोलापुरात आहे, पण आधी मुंबईत मुक्काम, हॉटेल कुलाब्याला. मला मुंबई माहीत आहे ती दादरला उतरून आत्याकडे जाण्यापुरती. त्यामुळे 'चला, मी दाखवते' म्हणायची सोय नाही.

जावयाने नेटवर एक खासगी टूर शोधलीय. रात्री आठ ते बारा, एसी गाडी, आपल्यापुरता गाइड, हॉटेलवरून नेणार आणि परत सोडणार. गेटवे, सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन, सी लिंक आणि शेवटी 'लोकल स्ट्रीट फूड'. पैसे डॉलरात सांगतात आणि चांगलेच सांगतात. एवढे मोजण्यासारखं त्यात काही आहे का? की टॅक्सी करून आपणच फिरावं? वरून उघडी दुमजली बस असते असं ऐकलं होतं, ती चालते का अजून? आणि रात्री आम्ही तिघांनी फिरणं कितपत बरं?

— सोलापूरकर

---

विषय: उत्तर: मुंबईत रात्रीची खासगी टूर, घ्यावी का?
प्रेषक: ठाणेकर

मावशी, अजिबात घेऊ नका! हँगिंग गार्डन रात्री बंद होतं. सी लिंकवर गाडी थांबवता येत नाही, चालायलाही परवानगी नाही, म्हणजे टोल भरून ५.६ किलोमीटर जायचं, इतकंच. कोस्टल रोडच्या बोगद्याचंही तेच. राहिलं काय? गेटवे तुमच्या हॉटेलपासून चालत आणि मरीन ड्राइव्ह टॅक्सीने जवळ. काळी-पिवळी करा, मीटरवर जा. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच पंचवीस टक्के जादा भाडं असतं, ते ध्यानात ठेवा म्हणजे वाद नको.

जुनी उघडी बस गेली. बेस्टच्या जुन्या दुमजली गाड्या २०२३ च्या सप्टेंबरात निघाल्या आणि वरून उघड्या होत्या त्या ऑक्टोबरात. नव्या दुमजली इलेक्ट्रिक आहेत, पण एसी, बंद काचांच्या. त्याच ऑक्टोबरअखेरीस पद्मिनी टॅक्सीही संपली, तेव्हा जावयाला जुन्या फोटोतली टॅक्सी दाखवायचं कबूल करून बसू नका.

— ठाणेकर

---

विषय: उत्तर: उत्तर: मुंबईत रात्रीची खासगी टूर, घ्यावी का?
प्रेषक: परळकर (मुक्काम पुन्हा परळ)

सोलापूरकर वहिनी,

ठाणेकरांचं म्हणणं दिव्यांपुरतं बरोबर आहे. रोषणाई बघायला गाइड लागत नाही. पण टूर घेऊच नका, हे मला पटत नाही. घ्या, फक्त वेळ बदलून घ्या. आठ ते बारा नको, पहाटे तीन ते सात मागा. वेळ आणि रस्ता आपण ठरवायचा, यासाठीच तर खासगीचे जादा पैसे. ते देऊनही त्यांच्याच ठरलेल्या फेरीत बसायचं असेल तर ठाणेकरांची टॅक्सी बरी.

तुम्हाला तर हे आयतंच सोयीचं. मुंबईत पहाटेचे तीन म्हणजे डिसेंबरात मेलबर्नला सकाळचे साडेआठ. पहिले दोन-तीन दिवस तिघंही तेव्हा टक्क जागे असाल, हॉटेलच्या खोलीत छताकडे बघत. उलट मुंबईत रात्रीचे आठ म्हणजे तुमच्या अंगाला मध्यरात्रीचा दीड. जावई सी लिंकवर पेंगेल आणि गाइडचं सगळं बोलणं वाया.

रात्री मुंबई जागी असते असं सगळेच म्हणतात, पण ती जागी कशासाठी असते हे आठ ते बारात कळत नाही. तेव्हा जागी असतात ती जेवायला आणि वारा खायला बाहेर पडलेली माणसं. कामाची माणसं नंतर दिसतात. तीनला दादर पश्चिमेला उतरा. स्टेशनाला लागूनच फुलबाजार. मंडईची इमारत आहे, पण माल सगळा रस्त्यावर आणि पुलाखाली सांडलेला असतो. घाटावरून आलेले टेम्पो खाली होत असतात. झेंडूचे ढीग, शेवंती, निशिगंधाच्या जुड्या, ॲस्टर, केळीची पानं, आंब्याचे टहाळे. हारवाले, देवळांबाहेरचे फुलवाले, मांडववाले, सगळे इथून उचलतात. भाव तासातासाला उतरतो. सणाच्या आदल्या रात्री येऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. एरवीच्या दिवशी मात्र निवांत बघता येतं. तिथेच फुटपाथवर पेपरांचे गठ्ठे सुटतात आणि पोरं मांडी घालून पुरवण्या आत सारत असतात. हा धंदा आता आटत चाललाय, म्हणून आधी तो दाखवा.

मग गाडीला सुट्टी द्या आणि दादरहून चर्चगेटची लोकल पकडा. शेवटची लोकल एकच्या सुमाराला जाते, पहिल्या चारच्या आसपास सुटतात. मधले तीनेक तास रूळ मोकळे असतात आणि दुरुस्तीची कामं त्यातच उरकतात. साडेचार-पाचच्या गाडीत बसायला जागा मिळते, हेच जावयाला सांगा. त्याने लोकलचे जे व्हिडिओ पाहिले असतील त्यात ही लोकल नसणार. मालडब्यात पाट्या आणि गाठोडी घेऊन बसलेली माणसं दिसतील. तुम्ही दोघी बायकांच्या डब्यात जाऊन जावयाला एकट्याला सोडू नका, तिघं एकत्र जनरलमध्ये बसा.

चर्चगेटहून टॅक्सीने ससून डॉक. १८७५ चा धक्का, कुलाब्यातच आहे, तुमच्या हॉटेलच्या शेजारचा म्हणा ना. होड्या लागलेल्या असतात, बर्फ फुटत असतो आणि कोळणींचा लिलाव इतक्या भरभर चालतो की मराठी येऊनही आकडा कळत नाही. बोंबील, मांदेली, सुरमई, पापलेट, कोळंबी. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, डिसेंबर उत्तम. मात्र हे बंदराच्या हद्दीत आहे आणि सुरक्षेचा मामला आहे. कॅमेरा काढण्याआधी काय चालतं ते गाइडने विचारलेलं असलं पाहिजे. पायात पकड असलेले, धुता येतील असे बूट. 'बाजू, बाजू' ऐकू आलं की सरकायचं, कारण डोक्यावर पाटी असलेली बाई थांबणार नाही, आणि तिने थांबूही नये.

तिथून साडेसहाला गेटवे. तुमच्या टूरवाल्याने गेटवे रात्री ठेवलाय, हे मला सगळ्यात खटकलं. गेटवेचं तोंड पूर्वेला आहे. डिसेंबरात सातच्या सुमाराला सूर्य बंदराच्या बाजूने वर येतो आणि कमानीवर थेट ऊन पडतं. मरीन ड्राइव्ह पश्चिमेला. ते संध्याकाळचं, सूर्य बुडाल्यानंतर दिवे लागतात तेव्हाचं. गेटवेला गाइड पंचम जॉर्जचं १९११ चं सांगेलच. कमान पुरी झाली १९२४ साली, म्हणजे मागचं ताज (१९०३) तिच्याहून जुनं. आणि याच कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रज फौजेची शेवटची तुकडी निघून गेली, हे गाइडला विचारल्याशिवाय सांगता आलं तर गाइड बरा.

गाइडचं म्हणाल तर त्याच्याकडे पर्यटन खात्याचं ओळखपत्र आहे का ते पैसे देण्याआधी विचारा. आणि फोनवर एक प्रश्न टाका: लोअर परळमधून जाताना काय सांगाल? 'इथे छान पब आहेत' एवढंच उत्तर आलं तर फोन ठेवा. मुंबईला रात्री जागं राहायची सवय गिरण्यांनी लावली. तीन पाळ्या होत्या. एका खोलीत इतके कामगार की रातपाळीचा उठून गेला की त्याच जागेवर दिवसपाळीचा आडवा व्हायचा. खानावळवाल्या बायकांची चूल पाळीच्या हिशोबाने पेटायची. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि गिरणगाव त्यानंतर उभं राहिलं नाही. आता त्याच आवारांत मॉल, ऑफिसं आणि बार आहेत, गिरण्यांची जुनी धुराडी कुठे कुठे अजून दिसतात. दादरहून दक्षिणेला जाताना हे लोकलच्या खिडकीतूनही दाखवता येतं. जो गाइड हे गाळतो तो तुम्हाला फक्त बल्ब दाखवणार.

फोर्ट मात्र तुमचं तुम्ही करा, आदल्या रात्री जेवणानंतर, जागे राहिलात तर. दिवसा त्या रस्त्यांवर मान वर करायची सोय नसते. रात्री दहानंतर ऑफिसं रिकामी होतात आणि इमारती मोकळ्या दिसतात. हुतात्मा चौकातून सुरुवात करा. फ्लोरा फाउंटन १८६४ चं. शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ चा, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावरचा गोळीबार जावयाला तुम्ही स्वतः सांगा, तो कुठल्याही परक्या गाइडच्या तोंडून ऐकू नये. तिथून ओव्हल मैदानाच्या कडेने चाला. एका अंगाला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८ ची, टोकदार, दगडी. समोरच्या अंगाला साठेक वर्षांनी भराव टाकलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या गोलाकार गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. २०१८ साली युनेस्कोने दोन्ही बाजू एकत्रच यादीत घेतल्या. शेवटी सीएसएमटी आणि समोर महापालिका. दोन्ही एकाच वास्तुविशारदाच्या, फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या. सीएसएमटीवर हल्ली रंगीबेरंगी दिवे सोडतात. मला ते लग्नाच्या हॉलसारखं वाटतं, पण पोरांना आवडतं.

— परळकर

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: मुंबईत रात्रीची खासगी टूर, घ्यावी का?
प्रेषक: पार्लेकर

परळकर काका, सगळं छान. पण पहाटे तीनला बाईमाणसाने बाथरूमला कुठे जायचं, हे तुमच्या मेलमध्ये नाही! ताई, हॉटेलातून निघताना जाऊन घ्या, मग स्टेशन, मग थेट हॉटेल. ससून डॉक तुमच्या हॉटेलजवळ आहे, हा खरा फायदा तोच. टूरवाल्याला हे आधी विचारायला लाजू नका. ज्याने बायकांना घेऊन रात्री फेऱ्या केल्यात त्याच्याकडे उत्तर तयार असतं.

सुरक्षेचं म्हणाल तर दादर आणि डॉक दोन्हीकडे त्या वेळी माणसंच माणसं. मला भीती रिकाम्या रस्त्याची वाटते, गर्दीची नाही. म्हणून मधल्या टप्प्यांना गाडी किंवा टॅक्सी, आणि परतीची गाडी कुठे उभी असेल ते ठरवून ठेवा.

खाण्याचं: मोहम्मद अली रोडची मजा रमजानमधली, यंदा डिसेंबरात रमजान नाही. तिथेच जायचं असेल तर बोहरी मोहल्ल्यात संध्याकाळी जेवायला जा. जावयाचं पोट नवीन आहे. उकळता चहा, तव्यावरचं, कढईतून काढलेलं चालेल. गोळा, चटणी, उघडी कापलेली फळं नकोत. मरीन ड्राइव्हला सायकलवर थर्मास लावून चहावाले फिरतात, तो चहा खुशाल द्या.

आणि एक स्पष्टच लिहिते. काही टूरवाले कामाठीपुऱ्यातून गाडी हळू नेतात, 'मुंबईची दुसरी बाजू' म्हणून. काचेआडून बायका बघायला पैसे द्यायचे? लेकीला शेजारी बसवून? टूर ठरवतानाच सांगा की तिकडून गाडी न्यायची नाही. खोताच्या वाडीचंही तसंच. गिरगावातली ती लाकडी घरं दिवसा बघा. रात्री लोक झोपलेले असतात आणि त्यांच्या खिडकीखाली गाइड भाषण करत असतो.

— पार्लेकर

---

विषय: उत्तर: मरीन ड्राइव्ह
प्रेषक: ठाणेकर

काकांनी मला पार टॅक्सीत बसवून टाकलं. असो. पहाटेचं पटलं.

फक्त एक: मरीन ड्राइव्हच्या दिव्यांवरून इथे कोणीतरी सुरू करायच्या आत सांगतो, २०१५ मध्ये पिवळे काढून पांढरे एलईडी लावले होते, त्यावर बोंब झाली आणि पुन्हा पिवळसर उजेडाचे बसवले. तेव्हा 'आता ते पूर्वीसारखं राहिलं नाही' असं लिहिणाऱ्यांनी आधी जाऊन बघावं. आणि दिव्यांचा हार बघायचा तर खालून दिसत नाही, मलबार हिलच्या उतारावरून दिसतो. खाली कट्ट्यावर फक्त बसायचं. भरतीच्या वेळी त्या सिमेंटच्या चार पायांच्या ठोकळ्यांवर (टेट्रापॉड) उतरायचं नाही, शेवाळं असतं.

— ठाणेकर

---

विषय: उत्तर: उत्तर: मरीन ड्राइव्ह
प्रेषक: सोलापूरकर

सगळ्यांचे आभार.

जावयाला परळकरांचं मेल वाचून दाखवलं. गिरण्यांपाशी तो थांबला आणि लेकीने त्याला सांगितलं की आईच्या सोलापुरातही घड्याळं भोंग्यावर लावायचे. मग त्याला सोलापूरची गिरणीही बघायची आहे, म्हणजे माझं काम वाढलं.

पहिल्या टूरवाल्याला पहाटे तीन ते सात विचारलं. त्याने त्याच पैशात तीच फेरी पहाटे करून देतो म्हटलं, हँगिंग गार्डनसकट! त्याला 'नाही' कळवलं. दुसऱ्या एका गाइडबाईंशी बोलले. ओळखपत्राचा फोटो लगेच पाठवला. परळचा प्रश्न टाकला तर त्यांनीच मला संपाची तारीख सांगितली. वडील गिरणीत होते म्हणाल्या. बाथरूमचंही उत्तर तयार होतं. लोकल त्यांना चालणार आहे, पण डॉकवर मोठा कॅमेरा नको, फोनसुद्धा त्या सांगतील तेव्हाच काढायचा. कामाठीपुऱ्याचं काढलं तर म्हणाल्या, मी तिकडे नेतच नाही.

ठरवून टाकलं. आता एकच राहिलं: लग्नाला सोलापूरला मोगऱ्याचे गजरे न्यायचे आहेत. दादरहून पहाटे घेतले तर रात्रीच्या गाडीपर्यंत टिकतील का, की तिथेच घ्यावेत? पार्लेकर ताई, तुम्ही सांगा.

— सोलापूरकर

---

विषय: उत्तर: गजरे
प्रेषक: पार्लेकर

तिथेच घ्या. ताजे आणि स्वस्त मिळतील. हौसच असेल तर दादरहून निशिगंध न्या, ओल्या फडक्यात गुंडाळून. तो तग धरतो.