रिपोर्ट नॉर्मल, तरी लघवी अडते
ताई, फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर (मेंदू आणि नसांचं कामकाज बिघडण्याचा आजार) असलेल्या तुमच्या भाचीला लघवी अडते आणि रिपोर्ट नॉर्मल म्हणून घरचे ‘नाटक’ म्हणतात, हे वाचून जीव कळवळला. इथे इंदूरला माझ्या जावेनं हेच सोसलं. राजवाड्याला खरेदीला जायचं म्हटलं की सकाळपासून पाणीच प्यायची नाही. त्रास खरा असतो हो! मेंदूचे इशारे चुकतात, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल व्हायच्या वेळी बरेचदा आवळलेलेच राहतात. म्हणून सरसकट कीगल, म्हणजे हेच स्नायू आवळायचे व्यायाम, नको, सैल सोडायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट शोधा. ट्रामाडोलसारख्या वेदनाशामकांनीही लघवी अडते, तेही डॉक्टरांना विचारा. आणि बसण्याच्या जागी नव्यानं बधिरपणा आला तर ‘जुनंच दुखणं’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या.