मोल्यानो सहल: प्रवेश शुल्काचं मंगळवारच्या आत ठरवा

प्रेषक: मेधा
रविवार, १ जून २०२५

मंडळी,
शनिवारी, ७ तारखेला, आपण व्हेनिसमध्ये असणार, म्हणजे शहराचं प्रवेश शुल्क लागणार. ३ तारखेपर्यंत भरलं तर माणशी ५ युरो, बुधवारपासून १०. आपला मुक्काम मोल्यानोला, ते गाव व्हेनिसच्या हद्दीत येत नाही, त्यामुळे मुक्कामाची सवलत आपल्याला नाही. १४ वर्षांखालच्या मुलांना माफ आहे. बाकीच्यांचे मंडळ भरणार की ज्याचे त्याने? आजच सांगा, क्यूआर कोड मी एकत्र काढते.
ता.क. गार्डा सरोवराच्या सहलीला कागदपत्रांचं झालं तसं नको. पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड, दोन्ही हवं. घरमालकाला आपली सगळ्यांची नावं पोलिसांना कळवावी लागतात, आणि येताना ऑस्ट्रियाच्या हद्दीवर बस थांबवू शकतात.

प्रेषक: विनायक

मंडळाच्या खात्यातून नाही. गणपतीच्या हॉलचं डिपॉझिट जायचंय. सहलीचा हिशेब वेगळा ठेवायचा हे मागच्या वर्षीच ठरलंय, पुन्हा उकरू नये.

प्रेषक: अरविंदकाका

पैशाचं तुम्ही बघा. पण मी जानेवारीच्या बैठकीत मुक्कामाला मेस्त्रे म्हणत होतो, ते कुणी ऐकलं नाही. मेस्त्रे आणि मार्गेरा दोन्ही व्हेनिस नगरपालिकेतच आहेत. तिथे मुक्काम असला की शुल्क माफ, फक्त सवलतीचा कोड काढायचा. मोल्यानो मात्र त्रेविझो जिल्ह्यात. रेल्वेने मेस्त्रेच्या जरा पुढे, पण कायद्याला ते पुरतं.
तेव्हा बहुमत पडलं की स्टेशनजवळचा गोंगाट नको, शांत गाव हवं. शांत आहे, त्याबद्दल वाद नाही. मुलगी त्रेविझोला शिकत होती तेव्हा आम्ही उभयता तिथे राहिलोय. दुपारी एकच्या सुमारास दुकानांची शटरं पडतात, ती चारच्या आत वर जात नाहीत. हिला डोकेदुखीची गोळी हवी होती, तेवढ्यासाठी दुपारभर ताटकळलो. तेराल्यो म्हणजे मेस्त्रेहून त्रेविझोला जाणारा जुना रस्ता, त्याच्या कडेने व्हेनिसच्या सरदारांचे उन्हाळी वाडे आहेत. ते बघा. पण गाड्या जोरात येतात, मुलांचे हात धरा.

प्रेषक: सौरभ

काका, शुल्क सकाळी ८.३० ते दुपारी ४ एवढंच आहे. चारनंतर गेलो तर शून्य. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो. सकाळी तेराल्यो, संध्याकाळी व्हेनिस. कोड नको, भांडण नको.

प्रेषक: सुलभा

सौरभ, तुझं वय आहे म्हणून. चारनंतर सांता लूचिया स्टेशनात उतरायचं, तिथून चालत सान मार्को चौक म्हणजे गल्ल्या चुकत पाऊण तास धर. तिथल्या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, शेवटचा प्रवेश पावणेपाचला. आम्ही काय बाहेरून नमस्कार करायचा? आणि पाच युरो वाचवून वापोरेत्तोत, म्हणजे तिथल्या बोट-बसमध्ये, बसलास तर त्याचं एक तिकीट साडेनऊ युरोचं आहे, तेही ७५ मिनिटांचं. मी शुल्क भरतेय. माझे मेधाकडे पाठवले.
शनिवारी रात्री बाहेर जेवणार असाल तर शाकाहारी मंडळींनी ‘बिगोली इन साल्सा’ मागवू नये. पास्ताच आहे, नाव साधं वाटतं, पण सॉसमध्ये अँचोवी मासे असतात.

प्रेषक: निशा

सुलभाताई, जेवणाचं माझ्याकडे आहे, यादी मी टाकणारच होते. शनिवारी रात्री घरीच पिठलं-भात, तांदूळ आणि बेसन इथूनच नेतोय.
मोल्यानोत बेनेटनचं म्युझियम आहे असं वाचलं. शेजारी आउटलेट असेल का? स्वेटर घ्यायचे होते.

प्रेषक: अरविंदकाका

निशा, तो बेनेटन वेगळा. तोनी बेनेटन हे लोखंडातून शिल्पं करणारे, म्युझियम त्यांचं आहे. स्वेटरवाल्यांचं मुख्यालय त्रेविझोच्या पलीकडे पोंझानोला. शिल्पं बघण्यासारखी आहेत, पण बघायला कोण येणार, मला माहीत आहे.

प्रेषक: विनायक

घर अपार्टमेंटच्या इमारतीत आहे. दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आवाज करायचा नाही, असं मालकाने स्वच्छ लिहिलंय. गाण्याच्या भेंड्या बसमध्येच संपवा. ढोलकी आणायचीच नाही, कुणाला उद्देशून ते त्यांना कळेल.

प्रेषक: सौरभ

ढोलकी नाही, कहोन आहे, खोक्यासारखं तालवाद्य.

प्रेषक: मेधा

ज्याचे त्याने भरायचे. मंगळवारी रात्री आठपर्यंत ज्यांचे पाच युरो येतील त्यांचे कोड मी काढेन. नंतर जागे होणाऱ्यांनी दहा भरून आपापला काढावा. विनाकोड पकडलं तर दंड ५० युरोंपासून पुढे, तो मंडळ देणार नाही (विनायक, बरोबर ना?). सौरभ आणि ज्यांना चारनंतर यायचंय त्यांनी तसं कळवा, म्हणजे स्टेशनवर तुमची वाट बघत बसणार नाही. रेल्वेचं कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी मशीनमध्ये शिक्का मारून घ्या.

प्रेषक: अरविंदकाका

सोमवारी, ९ तारखेला, शुल्कच नाही. यादीत त्या आठवड्याचे शुक्रवार ते रविवारच आहेत. सोमवारी व्हेनिस करून मग निघता येणार नाही का?

प्रेषक: विनायक

बस सोमवारी सकाळी आठला निघते. ड्रायव्हरचे तास ठरलेले आहेत. काका, तुमचे आणि काकूंचे मिळून दहा अजून आलेले नाहीत.