अनुभव धागा: धनुष्य, एल्क आणि ड्रॉ – तुमचं काय झालं?

डोंगरखिंड (धागाकर्ता), फोर्ट कॉलिन्स

मंडळी, एप्रिलमधली कोलोरॅडोच्या शिकार-परवान्यांच्या ड्रॉची (सोडतीची) मुदत जवळ आली की आमच्याकडे चहाबरोबर हाच विषय निघतो. यंदा तो इथे काढतोय, कारण गेल्या वर्षीपासून त्यावरून माझं आणि माझ्या साडूचं बोलणं जरा तुटक झालंय. तो टेक्सासमध्ये प्लेनोला असतो. २०२४ पर्यंत दर सप्टेंबरला गाडी हाणत यायचा आणि आम्ही दोघं धनुष्यं घेऊन आठ दिवस डोंगरात गायब व्हायचो. २०२५ ला मी गेलो. तो नाही.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी: एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ. भरलेला नर तीनशे किलोच्या पुढे जातो. कोलोरॅडोत ते २,८०,००० च्या आसपास असावेत. एका राज्यात एवढे एल्क दुसरीकडे कुठे नाहीत. बाणाचा मोसम सप्टेंबरभर, म्हणजे ऐन माजाचा महिना. पूर्वी बाहेरच्या राज्यातला माणूसही काउंटरवर पैसे मोजून बाणाचा टॅग (एक जनावर मारायचा परवाना) घ्यायचा आणि थेट रानात शिरायचा. काही युनिटं (शिकारीचे ठरलेले विभाग) आधीच मर्यादित झाली होती. २०२५ पासून आय-२५ महामार्गाच्या पश्चिमेला, म्हणजे मुख्य डोंगराळ भागात, बाहेरच्यांना तो टॅग फक्त ड्रॉमधून मिळतो. आम्ही रहिवासी मात्र खुल्या युनिटांसाठी अजून काउंटरवरच घेतो.

मला हा नियम सोयीचा आहे, आणि त्याचंच थोडं ओशाळं वाटतं. तुमचं काय झालं ते लिहा. टॅग मिळालेल्यांनी, न मिळालेल्यांनी, नुसतं मांस वाहून आणलेल्यांनीसुद्धा. एकच विनंती, जागा सांगू नका. युनिट नंबर चालेल, ओढ्याचं नाव नको.

---

प्लेनोकर

साडूभाऊंनी विषय काढलाच आहे, तर तो "नाही आला" नव्हे, त्याला येता आलं नाही, एवढी दुरुस्ती करतो.

माझी चूक आधी सांगतो. पहिलाच ड्रॉ. त्यासाठी आधी एक छोटं लायसन्स विकत घ्यावं लागतं, बाहेरच्याला ते शंभर डॉलरच्या आसपास पडतं. ते घेतलं. फॉर्मवर चार पसंतीक्रम असतात. मी पहिल्या रकान्यात आमचं नेहमीचं युनिट भरलं आणि बाकीचे तीन रिकामे सोडले. डोक्यात हिशेब असा की दुसरं काही मागितलं तर पहिल्याची संधी कमी होईल. तसं काही नसतं. पॉइंट, म्हणजे पुढच्या ड्रॉत अग्रक्रम देणारा गुण, फक्त पहिल्या पसंतीवर मिळतो आणि पहिल्यावरच खर्च होतो. खालचे रकाने फुकटचे. मेअखेर निकाल आला. हातात एक पॉइंट आणि टॅग शून्य. ऑगस्टच्या उरलेल्या टॅगांच्या यादीवर ऑफिसच्या मीटिंगमधून चोरून नजर ठेवली. एक चांगला कोड (प्रत्येक टॅगप्रकाराचा असतो तो) दिसला, क्लिक करेपर्यंत गेला.

बरं, चूक माझी. पण राग त्याचा नाही. बंदुकीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनला बाहेरचा माणूस गेल्या वर्षीही काउंटरवर टॅग घेऊ शकत होता! कोणी म्हणेल माजाच्या दिवसांत जनावराला त्रास नको. मान्य. पण आम्ही मारतो किती? बाणवाल्यांत शंभरातल्या दहा-पंधरा जणांनाच जनावर मिळतं. मी सहा वर्षांत एक मादी घेतली. बाकी पाच वर्षं सातशे-आठशे डॉलरचा टॅग घेऊन डोंगर चढलो, पावसात भिजलो, परत गेलो. असलं गिऱ्हाईक कोणता दुकानदार हाकलतो?

आणि मी तिथे नक्की कशासाठी येतो, तेही लिहितो. पहिल्या वर्षी पहाटे एका पडलेल्या झाडाआड बसलो होतो. समोरच्या स्प्रूसच्या (सूचिपर्णी) झाडांमधून नराने आरोळी दिली. सुरुवात शिट्टीसारखी बारीक, मग ती चढत जाते, आणि शेवटी पोटातून तीन-चार हुंकार. तीसेक पावलांवर होता. मुताचा आणि ओल्या चिखलाचा उग्र वास आला, फांद्या मोडल्याचा आवाज आला, पण फांदीआडून मला त्याचा फक्त एक पाय दिसला. गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलाने माखलेला. मी धनुष्य ओढलंसुद्धा नाही, हात थरथरत होता. मग मानेवर मागून गार वारा लागला आणि तो पाय दिसेनासा झाला. एवढंच. ऑफिसात सांगितलं तर लोक विचारतात, मग मारलं काय?

---

मेसावरची (ग्रँड जंक्शन)

प्लेनोकर, तुमचं लिखाण आवडलं आणि तरीही मी नियमाच्या बाजूने आहे. रागावू नका.

मी मुलीमुळे या नादाला लागले. तिला शाळेच्या आर्चरीला सोडायला जायचे, कंटाळून स्वतःच एक धनुष्य घेतलं. आता माझं चाळीस पौंड ओढीचं कंपाउंड (कप्प्यांचं) धनुष्य आहे (इथे कमीत कमी पस्तीस लागतं). पहिली दोन वर्षं मी फक्त ग्रँड मेसाच्या (आमच्याकडचं मोठं पठार) पार्किंगमधल्या गाड्या मोजल्या असं म्हटलं तरी चालेल. पहाटे साडेचारला पोचावं तर अकरा गाड्या आधीच उभ्या. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, टेक्सास, टेक्सास, जॉर्जिया. अंधारात हेडलॅम्पची रांग डोंगर चढतेय, जणू वारीच.

गर्दीचा त्रास माणसांना होतो तो वेगळा. एल्क सरळ तिथून निघून जातात. सरकारी जंगलात पहिल्या आठवड्यात चहूकडून एल्कला बोलावायच्या शिट्ट्या आणि माणसाचा वास सुरू झाला की कळप कुंपण ओलांडून कुणाच्या तरी खाजगी रँचवर जाऊन बसतो. तिथे तो बाणाला मिळत नाही, पुढे बंदुकीलाही मिळत नाही, आणि रँचवाला बोंबलतो की माझा चारा खाल्ला. म्हणजे शिकारी वाढले, शिकार घटली, आणि नुकसानीचे दावे वाढले.

वाऱ्याचंही सांगते, कारण नवे लोक इथेच फसतात. उजाडायच्या आधी गार हवा डोंगरावरून खाली वाहते. ऊन चढलं की तीच उलटून वर जायला लागते. मधल्या अर्ध्या तासात ती कुणाचीच नसते. कळपाच्या वरच्या अंगाला राहून हळूहळू उतरायचं असतं, पण कधी, ते त्या अर्ध्या तासावर ठरतं. गेल्या वर्षी मी तसं जमवून आणलं होतं, चाळीस यार्डांवर चार माद्या आणि एक पाडस. आणि खालून दोघे गप्पा मारत वर आले. कोलोरॅडोचेच होते हो! तेव्हा बाहेरचे बंद केले की सगळं सुरळीत होईल, असंही मी म्हणत नाही. माझं म्हणणं, मर्यादा आम्हा रहिवाशांवरही यावी. हे बोलले की आमच्या आर्चरी क्लबात लोक माझ्या शेजारची खुर्ची सोडतात.

---

सिॲटलकर

मी एच-वन-बी व्हिसावर. आमच्यासारख्यांना बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची आडकाठी असते. शिकारीचं लायसन्स असेल तर सूट मिळते, पण त्या भानगडीत कोण पडणार. धनुष्याला असलं काही नाही. बरेच देशी लोक बाणाकडे वळतात त्यामागे परंपरा वगैरे काही नाही, कागदपत्रांचा कंटाळा आहे.

माझा अनुभव आयडाहोचा. तिथे बाहेरच्यांचे टॅग १ डिसेंबरला ऑनलाइन सुटायचे. सकाळी लॉगिन करून बसायचं, संगणक तुम्हाला रांगेतला नंबर देणार. माझा आला चौदा हजारांच्या पलीकडे. तत्काळ तिकिटाची आठवण झाली, फक्त इथे एजंट नव्हता. बायकोच्या लॅपटॉपवरून तीन हजारांतला नंबर आला, पण रांगेत मी तिच्या नावाने उभा आणि तिच्याकडे टॅगसाठी लागणारं हंटर एज्युकेशनचं (शिकार प्रशिक्षणाचं) कार्ड नाही. दिवसभर आम्ही त्या तीन हजारांतल्या नंबराकडे नुसतं बघत बसलो. २०२६ च्या मोसमासाठी आयडाहोनेही ती रांग मोडून ड्रॉ आणलाय. खरं सांगू? मला बरं वाटलं. ड्रॉमध्ये नाही म्हणतात ते निदान एकदाच म्हणतात.

---

चिलीलाल (आल्बकर्की)

तुम्ही कोलोरॅडोवाले उगाच रडता. न्यू मेक्सिकोत ड्रॉचे ८४ टक्के टॅग रहिवाशांना, १० टक्के आउटफिटर (पैसे घेऊन शिकारीची व्यवस्था करणारा) घेणाऱ्यांना आणि गाइडशिवाय येणाऱ्या बाहेरच्यांना ६ टक्के. पॉइंट हा प्रकारच नाही, दरवर्षी पाटी कोरी. मी रहिवासी असून तीन वर्षं लागला नाही. चौथ्या वर्षी लागला तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन.

---

वकीलसाहेब

एक कायद्याची टीप. "जंगल केंद्राचं, मग एल्कवर राज्याचा हक्क कसा" हा वाद जुना आहे. मोंटानात १९७६ साली रहिवाशाला एल्कचं लायसन्स ९ डॉलरला मिळे आणि बाहेरच्याला २२५ डॉलरचं एकत्रित लायसन्स घ्यावं लागे. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९७८ मध्ये निकाल लागला तो राज्याच्या बाजूने: एल्कची शिकार हा विरंगुळा आहे, दुसऱ्या राज्यात जाऊन पोट भरण्यासारखा मूलभूत हक्क नाही. जमीन सगळ्यांची असली तरी जनावरांची व्यवस्था राज्याकडे. म्हणून वायोमिंगसुद्धा सांगू शकतं की विल्डरनेसमध्ये (केंद्राच्या राखीव रानात) शिकारीला यायचं तर बाहेरच्याने गाइड किंवा तिथला रहिवासी सोबत आणावा. त्याच वाटेवर नुसता ट्रेकिंग करणारा एकटा गेला तर कुणी अडवत नाही. मला यातलं तर्कशास्त्र अजून पटलेलं नाही, पण पटायची अट कायद्यात नसते.

---

सह्याद्रीवासी

सगळं वाचलं. धनुष्य-बाणाने तीनशे किलोचं जनावर, तेही हौसेसाठी? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे बंद आहे आणि बरंच झालं.

---

डोंगरखिंड

सह्याद्रीवासी, प्रश्न रास्त आहे. इथली गोष्ट वेगळी वाटेने गेली. १९०० च्या सुमारास मांस-कातड्याच्या धंद्याने कोलोरॅडोतले एल्क जवळजवळ संपवले होते. एस्टेस पार्ककडे १९१३-१४ मध्ये यलोस्टोनमधून आणून सोडावे लागले. नंतरच्या राखणीचा खर्च मोठ्या प्रमाणात लायसन्सच्या पैशातून झाला. धनुष्यांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे, तोही राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे येतो. हौस आहेच, नाकारत नाही. पण मांस टाकून आलो तर गुन्हा होतो. चारही फरे, पाठीच्या मांसाचे पट्टे, आतलं मऊ मांस, सगळं खाली आणावं लागतं. आमच्या घरी वर्षभर दुसरं मटण येत नाही.

---

सह्याद्रीवासी

उत्तराबद्दल आभार. पटलं नाही, पण कळलं. आमच्या गावात रानडुकरांनी भुईमूग उकरून ठेवलाय, त्यावर टॅग निघाला तर कळवा.

---

डोंगरखिंड

आता साडूभाऊंसाठी. हे फोनवर सांगायचं राहिलं, खरं तर टाळलं.

गेल्या सप्टेंबरमध्ये मला मादी मिळाली, हे तुला माहीत आहे. कुठे, ते मी सांगितलं नाही. ती जागा तुझी होती. उतारावरच्या वरच्या सपाट टप्प्यातलं ते चिखलाचं डबकं, जिथे नर लोळायला येतात, २०१९ ला तू शोधलंस. मी तेव्हा खाली तंबूत पाय चोळत बसलो होतो. बावीस यार्ड. बाण आरपार गेला, गुलाबी फेसाळ रक्त, म्हणजे फुप्फुस. तरी अर्धा तास बसून राहिलो, नियमाप्रमाणे. ऐंशी पावलांवर पडली होती.

मग एकट्याने चार खेपा. तिसऱ्या खेपेला मागचा फरा पाठीवर घेऊन त्या घसरड्या उतारावर बसलो आणि उठताच येईना. पलटी खाल्लेल्या कासवासारखा दहा मिनिटं पडून होतो. दरवर्षी त्या ठिकाणी तू माझ्या पिशवीचा पट्टा धरून ओढायचास. तेव्हा फोन करावासा वाटला, पण काय बोलणार? "तुझ्या जागेवर, माझ्या काउंटरच्या टॅगवर"?

---

प्लेनोकर

ओळखलं होतं. फोटोत मागे तो वीज पडलेला स्प्रूस आहे. बायकोला त्याच दिवशी दाखवला.

यंदा चारही रकाने भरलेत. दुसऱ्यात टाकलेला कोड एकदा बघून घे, व्हॉट्सअ‍ॅप करतो. ड्रॉ लागला नाही तरी येणार आहे, पट्टा धरायला टॅग लागत नाही. फ्रीझरमध्ये काही उरलंय का? खिमा नको, पाठीचा पट्टा असेल तर बोल.